डक्टमधली कविता

१४०३, लोअर परळ
शनिवार, ४ जानेवारी २०२५

प्रिय धम्मपाल,

सप्रेम नमस्कार. तुझ्या कानांनी फोनशी फारकत घेतली तेव्हा तुझी लेक माया म्हणाली होती, "आता व्हिडिओवर हातवारे करत बसा दोघं." ते माकडचाळे मला जमायचे नाहीत. त्यापेक्षा हे बरं. नायगाव ते लोअर परळ पत्राला चार दिवस लागतात, पण आपल्या गुडघ्यांच्या मानाने टपाल खातं अजून तरुण आहे.

आज कामाचं लिहितो. म्हणजे कामाचं आणि वेडेपणाचं.

चाळ पाडून हा टॉवर झाला त्याला आता तीन वर्षं होतील. चाळीत शिंकलं तरी पलीकडून "शतायुषी हो" यायचं. इथे दार लावलं की लागलंच. सुनेत्रा जाऊन दोन वर्षं झाली. आमचा लेक सौमित्र दर रविवारी पुण्याहून फोन करतो आणि "बाकी काय?" असं तीनदा विचारतो. शेजारच्या मनूचं रडणंसुद्धा भिंतीतून येत नाही. ते पोर थेट लिफ्टमध्ये भेटतं आणि तेव्हा कळतं, अरे, ह्याला दात आले.

पण माझ्या ओट्याच्या वर, डब्यांच्या फळीमागे भिंतीत एक भोक आहे. पलीकडे लॉबीतला इलेक्ट्रिक डक्ट. तळापासून बाविसाव्या मजल्यापर्यंत केबली चढलेली ती उभी कोठडी रे, करड्या दाराची. तिच्यातून माझ्या घरात वायर येते. वायर बोटाएवढी आणि भोक माझ्या मुठीएवढं. त्या भोकातून, धम्मा, गेले चार महिने रोज दुपारी साडेतीनच्या सुमाराला एक बाई कविता म्हणते. वरून की खालून, कळत नाही. आवाज म्हातारा आहे, चाल मात्र जशीच्या तशी.

*खाडीवर शिवडीच्या*
*आली पाखरे दुरून*
*कोण त्यांना वाट दावी*
*एवढ्या या नभातून?*

गावडे मास्तरांची कविता! मास्तरांनी स्वतः रचलेली, कुठल्याही पुस्तकात नसलेली, आपल्या परळच्या शाळेत आपल्याच वर्गाला शिकवलेली. पासष्ट वर्षं झाली. आपल्या बाकांवर बसल्याशिवाय ती कोणाला येणं शक्य नाही. आणि दर वेळी ती तिसऱ्या कडव्यात अडते.

*एक मागे राहिलेले*
*हाक घालते एकटे*
*थवा मागे वळूनिया*

की थांबली. शेवटची ओळ नाही. थोडा वेळ जातो, मग पुन्हा पहिल्यापासून खाडीवर शिवडीच्या. ओळ माझ्या जिभेवर असते. पण बोलत नाही. कोणी ऐकतंय हे कळलं आणि तिने म्हणायचंच सोडलं तर? मला वाटतं ती इंदू रेडकर असावी. दोन वेण्यांची, पहिल्या बाकावरची. आठवते ना?

आता काम. सोसायटीला आगीच्या तपासणीवाल्यांची नोटीस आली आहे. केबलभोवतीची सगळी भोकं बुजवायची. काम तुझ्या प्रितीच्या कंपनीकडे आहे, असं सेक्रेटरी म्हणाले. नातीला सांग, एवढं एक भोक राहू दे. सव्वाशे घरांत एक मूठभर भोक.

तुझा,
रघू

०००

नायगाव
९ जानेवारी

रघू,

जय भीम. पत्र मिळालं. नाही.

नाही म्हणजे नाही. प्रितीला विचारलंसुद्धा नाही. छत्तीस वर्षं मी केबली जोडल्या, म्हणून सांगतो. आग एका मजल्याला लागते, धूर सगळ्यांना मारतो. धुराला जिना लागत नाही, लिफ्ट लागत नाही. केबलच्या बाजूला राहिलेली फट पुरते. तुमचा तो डक्ट म्हणजे उभं धुराडं, आणि तू त्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून कविता ऐकतोस.

प्रितीची माणसं काय करतात सांगतो, म्हणजे तुझी भीती जाईल. आधी भोकात दगडाची लोकर ठासून भरतात. दिसते कापसासारखी, पण जळत नाही. वरून पेस्ट लिंपतात. आच लागली की ती पेस्ट तव्यावरच्या भाकरीसारखी फुगते आणि केबलचं प्लास्टिक वितळून झालेली जागासुद्धा भरून काढते. तुला त्रास काही नाही. अर्धा तास ओटा रिकामा कर.

बाईचं म्हणशील तर, बाविसाव्यापासून सुरू कर, एकेक बेल मार आणि विचार. "तुम्ही कविता म्हणता का?" हसतील फार तर. तू घाबरतोस ते हसण्याला नाही. ती इंदू नसली तर, ह्याला घाबरतोस. पहिल्या बाकापलीकडे तुला शाळेत काही दिसलंच नाही कधी.

धम्मपाल

०००

१४०३, लोअर परळ
२२ जानेवारी

प्रिय धम्मपाल,

तुझं पत्र वाचून राग आला, मग रागावर चहा घेतला, मग उतरला.

प्रिती येऊन गेली. पिवळं हेल्मेट, गळ्यात ओळखपत्र, कमरेला पट्टा. मी म्हटलं, "बाई गं, आजोबाच दिसतेस." तर म्हणाली, "आजोबा म्हणतात मी त्यांच्यापेक्षा सावकाश काम करते. म्हणजे चांगलं करते." दोन पोरं लोकर कोंबत होती आणि ही मागे उभी राहून, "अजून दाब रे, उशी भरतोयस का?" शेवटी स्वतःच्या बोटाने पेस्ट सारखी केली. सुनेत्रा पोळीतलं पुरण सारखं करायची ना, तशी.

भिंत छान झाली. काळजी नसावी.

साडेतीनला मी अजूनही खुर्ची तिथेच टाकतो, सवयीने. आवाज येत नाही. म्हणजे आता कसा येणार, ते ठीकच. पण मला वाटतं तिने म्हणणंच थांबवलं असावं. कारण कान अगदी लावून ऐकलं तरी काही नाही. असो.

हिंदमात्याच्या कोपऱ्यावरच्या दुकानात सुनेत्राला घेतलेली जांभळी इरकल परवा कपाटातून काढून ऊन दाखवून ठेवली. कोणासाठी, ते विचारू नकोस. वस्तूंनाही एकटं वाटत असेल, एवढंच.

तू एकदा ये ना इकडे. लिफ्ट आहे. गुडघ्यांचं कारण चालायचं नाही.

तुझा,
रघू

०००

नायगाव
३१ जानेवारी

रघू,

तू खोटं लिहिलंस. शाळेतसुद्धा तुला खोटं बोलता यायचं नाही. "कान अगदी लावून" म्हणे. सील केलेल्या भिंतीला कान लावून माणूस काय ऐकणार आहे?

परवा प्रिती तुमच्याकडे प्रत्येक भोकाचा फोटो काढून स्टिकर लावायला आली होती. लॉबीतून डक्ट उघडला. तुझ्या भोकात लोकर नाही. पेस्ट नाही. कागदाचा बोळा. तिने तो ओढून काढला आणि बोळ्याच्या मागे तुझ्या स्वयंपाकघराचा उजेड दिसला. कशाने उकरलंस? उलथण्याने? आणि बूच कसलं, तर तुझ्या शाळेच्या वहीची पानं! कोरडी, जुनी, पासष्ट वर्षांची पानं. आगीला ह्यापेक्षा चांगली चूड मी देऊ शकलो नसतो. बाजूच्या घरात दात येणारं पोर आहे, असं तूच लिहिलंस ना?

प्रितीने अजून रिपोर्ट केला नाही. माझ्याकडे आली, समोर बसली आणि पाटीवर लिहून विचारलं, "काय करू?" मी तिला जे सांगितलं ते ह्याआधी कोणालाच सांगितलेलं नाही. मायाच्या आईलाही नाही. आता तुलाही सांगतो.

१९७८. फोर्टातली एक जुनी इमारत. तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर नवी केबल चढवायची होती. भोकं मीच पाडली. केबल चढली. शनिवार, अर्धा दिवस. भोकं बुजवायला प्लास्टर उरलं नव्हतं, आणि घरी मायाचं बारसं होतं. मी शेवटच्या भोकात गोणपाट कोंबलं आणि म्हटलं, सोमवारी येऊन बघू. सोमवारी दुसरीकडे पाठवलं. विसरलो.

चार महिन्यांनी एका रविवारी दुपारी तळमजल्यावर आग लागली. मोठी नव्हती. अर्ध्या तासात विझली. तिसऱ्या मजल्यावर जुन्या फायलींच्या खोलीत कोंडीराम नावाचा शिपाई डबा खायला बसला होता. त्याला भाजलं नाही. अंगावर काळा डागसुद्धा नव्हता. डबा अर्धा होता. कागदावर आलं, शॉर्ट सर्किट. मला कोणी काही विचारलं नाही. आज सत्तेचाळीस वर्षं कोणी विचारलेलं नाही, रघू. कोणीतरी विचारावं म्हणून मी थांबलो आणि कान गेले.

प्रितीने ही नोकरी धरली त्या दिवशी मी रडलो. तिला वाटलं, आनंदाने.

आता दुसरं. बोळ्यातलं पान प्रितीने वाचलं. म्हणाली, "ही तर नऊशे तीनमधल्या आजींची!" त्यांच्या घरात सील करताना त्या ओट्याशी पाटावर बसून हेच म्हणत होत्या. पाचव्यांदा ऐकून तिला पाठ झालं, पण तिसऱ्या कडव्यात शेवटची ओळ नाही. ती तिने तुझ्या वहीत वाचली. बाईंचं नाव कमलाबाई. मुलगासुद्धा त्यांना रोज नव्याने ओळख सांगतो.

तू तुझं भोक उकरलंस, पण तिच्या मजल्याचं बंद होतं. म्हणून काही ऐकू आलं नाही. ती अजून म्हणते, रोज. सून सांगते, अडली की भिंतीकडे तोंड करून बसते.

प्रिती गुरुवारी येईल. दार उघड.

धम्मपाल

०००

१४०३, लोअर परळ
११ फेब्रुवारी

प्रिय धम्मपाल,

तुझं पत्र घेऊन मी दोन दिवस बसून होतो. कोंडीरामचं काय लिहू? मास्तर असते तर म्हणाले असते, चूक पाटीवर लिहा, पुसू नका. तू लिहिलीस. मी वाचली. माझ्याजवळ राहील.

गुरुवारी प्रिती आली. मी शाळेतल्या पोरासारखा हात मागे बांधून उभा. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त उलथणं उचललं, टोक बघितलं आणि म्हणाली, "हे वाकलंय, आजोबा. नवीन घ्या." मग लोकर, मग पेस्ट. ह्या वेळी कोंबायला मीही हात लावला. पानं तिने परत दिली, कडा झडलेली. रिपोर्टमध्ये "पुन्हा केले" एवढंच लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. सही करताना मनूच्या आईने लॉबीतून विचारलं, "काय झालं काका?" मी म्हटलं, "माझी चूक झाली होती." ती हसली. तिला वाटलं, म्हातारे असंच बोलतात.

मग मी नवव्या मजल्यावर गेलो. हो, गेलो. धुतलेला सदरा घातला होता. इंदूसाठी, हे तुझ्याशिवाय कोणाला कबूल करणार?

दार सुनेने उघडलं. राधा तिचं नाव. मी सगळं भडाभडा सांगितलं. ती म्हणाली, "या ना, बसा. पण सासूबाई शाळेत कधी गेल्याच नाहीत हो काका. त्यांना सही येत नाही, अंगठा लावतात. माहेरच्या सावंत, परळच्याच. लहान भाऊ सांभाळला, मग लग्न, मग आयुष्यभर खानावळ. कविता कुठून आली, आम्हालाच माहीत नाही."

इंदू नाही. आपल्या वर्गातली कोणीच नाही.

कमलाबाई ओट्याखाली पाटावर बसल्या होत्या. मी "नमस्कार" म्हटलं तर पदर ओढून राधामागे सरकल्या. "कोण आलाय गो ह्यो? जा म्हणान सांग त्याका." मी खाली बसून हळूच म्हटलं, खाडीवर शिवडीच्या. त्यांनी तोंड फिरवलं. कोणी समोर बसून ऐकायला लागलं की म्हणत नाहीत म्हणे. साडेतीन वाजून गेले, त्या गप्पच. माझ्यामुळे त्यांची दुपार मुकी गेली. राधा म्हणाली, "राहू दे काका. वाईट वाटून घेऊ नका." मी पाच जिने चढून वर आलो. लिफ्टमध्ये कोणी भेटलं असतं आणि बोलावं लागलं असतं.

ओळ जिभेवर असताना मी चार महिने गप्प बसलो, धम्मा. भोक उघडं होतं तेव्हा. आता भिंत चोख झाली. पण तिला कविता आली कुठून?

रघू

०००

नायगाव
१७ फेब्रुवारी

रघू,

सावंत. लहान भाऊ. पत्र मी तीनदा वाचलं, मग आठवलं.

तू पहिल्या बाकावर बसायचास. शेवटच्या बाकावर खिडकीशी मी. का, ते तुला माहीत आहे. मास्तरांनी बाक बदलला नाही असं नाही, सातवीत बदलला. पण तोवर खिडकी माझी होती.

खिडकीखाली एक मुलगी उभी असायची. आठ-नऊ वर्षांची, कडेवर शेंबडा भाऊ. आई गिरणीत. भाऊ रडू नये म्हणून ती आपल्या वर्गाच्या चालीवर त्याला झुलवायची. मी एकदा तिला खिडकीतून चिंच दिली. ती म्हणाली, "माका नको, ह्याका दी." एवढंच बोलणं. नाव विचारलं नाही. पण तीच असणार. आणखी कोणाला आलं असतं ते?

आता ओळीचं. मास्तर कविता कधी घ्यायचे आठव. मधल्या सुट्टीच्या आधी. आपण तिसऱ्या कडव्याशी यायचो आणि बाजूच्या गिरणीचा साडेतीनचा भोंगा व्हायचा. मास्तर म्हणायचे, "भोंग्याला भिऊ नका, म्हणा!" आपण ओरडून म्हणायचो. आत आपल्याला आपलं ऐकू यायचं. बाहेर तिला काय ऐकू येणार? भोंगाच. भोंगा थांबेपर्यंत सुट्टी. आपण डब्यांवर.

ती विसरलेली नाही, रघू. ती ओळ तिला कधी मिळालीच नाही.

धम्मपाल

०००

१४०३, लोअर परळ
बुधवार, २६ फेब्रुवारी

प्रिय धम्मपाल,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं, साडेतीनला पाच मिनिटं कमी असताना. वाचलं आणि चप्पल न घालता लिफ्टमध्ये शिरलो.

बेल मारली नाही. तिने शाळाही भिंतीबाहेरूनच ऐकली होती ना? मग मी आत जाऊन काय करणार होतो? नऊशे तीनच्या दाराला जाळीचं बाहेरचं दार आहे आणि आतलं लाकडी दुपारचं वाऱ्यासाठी किलकिलं असतं. त्याच्या बाजूला, डक्टच्या करड्या दाराला पाठ लावून उभा राहिलो. डक्टवर प्रितीचा स्टिकर आहे, नंबर आणि तारीख. आतून चिडीचूप. मग भांड्याचा आवाज. मग ती.

पहिलं कडवं, दुसरं कडवं. इतक्या जवळून मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. डक्टमधून तो गोल होऊन यायचा, लांबचा. इथे त्यात श्वास होता, थोडा दमही लागत होता. एक मागे राहिलेले, हाक घालते एकटे. थवा मागे वळूनिया.

थांबली.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, अनवाणी, लोकांच्या लॉबीत. मी भिंतीकडे तोंड करून, मास्तर म्हणायचे तसं, भोंग्याला न भिता म्हटलं:

*म्हणे, 'आम्ही आहो इथे.'*

आत काही नाही. मला वाटलं, घाबरवलं मी तिला पुन्हा. मग ती म्हणाली. कोणाला उद्देशून नाही, स्वतःशीच, नवीन भाजीची चव बघावी तशी. "आम्ही आहो इथे." आणि त्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं नाही.

राधा बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि डोळ्याला पदर लावून आत गेली. थोड्या वेळाने चहा आणून दिला. मी लॉबीतच प्यायलो.

दुसऱ्या दिवशी ती परत तिथेच अडली. आदल्या दिवशीचं काहीच शिल्लक नव्हतं. मी ओळ दिली. तिसऱ्या दिवशीही. आता रोज साडेतीनला मी नवव्या मजल्यावर असतो. तिला रोज नव्याने मिळते. मी कोण, तिला माहीत नाही आणि कळायचंही नाही. इंदू नाही, काही नाही. परत वर येतो तेव्हा घर तसंच असतं, ओट्यावरची भिंत गुळगुळीत आणि मुकी. पण ती तशीच असायला हवी, हे आता मला तुझ्याइतकंच पटलं आहे. मनू काल माझं बोट धरून लिफ्टमधून बाहेर आला.

राधाने मला बसायला स्टूल ठेवलं होतं. सोमवारी प्रितीने बघितलं आणि उचललं. "आजोबा, जिन्याच्या वाटेत काही ठेवायचं नाही. धुरात लोक अडखळतात." मी म्हटलं, "मग मी?" म्हणाली, "तुम्ही उभे राहा. तुम्हाला पळता येतं." तेव्हा उभा राहतो.

आता तुझं. तीन पत्रांत तू इकडे येण्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. गुडघे नाहीत ते, मला ठाऊक आहे. ज्या इमारतीत केबली चढतात तिच्यात पाऊल टाकवत नाही तुला. प्रिती म्हणते, तू तिच्या एकाही साइटवर आला नाहीस. येच. येऊन डक्टचं दार उघड, एकेक भोक हाताने चाचपून बघ, नातीने कसं भरलंय ते. कोंडीरामच्या नावाने बघ.

आणि मग साडेतीनला माझ्याबरोबर उभा राहा. चिंच तूच दिली होतीस तिला. मी तर तेव्हा मान वळवून खिडकीकडे बघितलंही नव्हतं. ती ओळ एकट्या माणसाच्या तोंडी बरी वाटत नाही रे. रोज म्हणतो आणि रोज खोटं बोलल्यासारखं होतं.

ती कधी अडली ते तुला ऐकू येणार नाही. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवीन. मग दोघांनी मोठ्याने म्हणायचं.

तुझा,
रघू